आदर्श शेतकऱ्याचा धाकटा भाऊ

सरकार मदत घेऊन दाराशी आलं असताना तिला परत पाठवणारा मी आमच्या देवास जिल्ह्यातला एकमेव माणूस असेन. बरं, मदत स्वतःची असती तर गोष्ट वेगळी. ती होती माझ्या थोरल्या भावाची!

मी देवासला कारखान्यात नोकरीला. शेती दादा करतो, कन्नौदजवळ. त्या वर्षी सोयाबीन पिवळं पडलं, शेंगा भरल्याच नाहीत. पटवारी (म्हणजे तुमचा तलाठी) नुकसानीच्या पाहणीला येणार, नेमका त्याच दिवशी धारला वहिनीच्या भाचीचा साखरपुडा. दादाचा फोन आला.

"बांधावर उभा राहा, शेत दाखव आणि तोंड उघडू नकोस. नुकसानीचा मुआवजा आला तर हरभऱ्याचं बियाणं येईल, नाहीतर अर्धं रान पडीक."

"दादा, तू अगदी निश्चिंत जा!" (मी असं म्हटलं की समोरच्याने जागचं हलू नये, हे दादाला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.)

सकाळी मी आणि सुनंदा शेतावर पोचलो. सुनंदा म्हणजे आमची बायको. तिने कमरेवर हात ठेवले.

"अहो, साहेब येणार आणि हे असं? लोक काय म्हणतील भाऊजींना!"

मलाही पटलं. पाहुणा येणार म्हटलं की आमच्याकडे पलंगाखालचासुद्धा केर निघतो. पदर खोचून, बाह्या सरसावून आम्ही कामाला लागलो. रस्त्याकडचं पिवळं झाड दिसलं की उपट! वाळकं दिसलं की उपट! शेजारच्या शेतातले गेंदालाल काकाजी बिडी विझवून बघायला आले.

"भिया, यो कंई करी रिया हो?"

"काकाजी, घर की इज्जत का सवाल है!"

"अरे, पीलो है तो पीलो दिखने दो!"

मी समजूतदारपणे हसलो. (अडाणी माणूस, असंही मनात म्हणालो. देव मला क्षमा करो.) उपटलेला भारा त्यांच्याच म्हशीपुढे टाकला. दादाच्या नुकसानीचा सगळा पुरावा तिने रवंथ करत संपवला.

पटवारी आला. तरुण, घाईत. सुनंदाने पोहे पुढे केले, वर मूठभर शेव. तो रस्त्यावरूनच म्हणाला, "वाह भिया! पूरे गाँव में पीला पड़ा है, आपका तो हरा-भरा! नुकसान कितना है?"

इथे गप्प राहायचं होतं. पण कौतुक ऐकून मी आजवर कधी गप्प राहिलेलो नाही.

"नुकसान? अजी, हमारे दादा का खेत है!"

त्याने मोबाइल काढला. मी हिरव्या रोपांपुढे छाती काढून उभा राहिलो. वर विचारलं, "हसूं क्या?"

तो गेल्यावर काकाजींनी डोक्याला हात लावला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मोटारसायकलमागे धावलो. "साहब, अंदर चलो, अंदर सब पीला है!"

"फोटो ऑनलाइन चढ़ गया, भिया!"

संध्याकाळी दादा परतला. बांधावरून शेताकडे बघत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "दमला असशील. जेवून घे."

मुआवजा साऱ्या गावाला मिळाला, दादा सोडून. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण तो फोटो वरच्या कचेरीत कुणीतरी पाहिला, आणि रोगातून पीक वाचवणारा शेतकरी म्हणून दादाचा सत्कार ठरला!

"तूच जा," दादा म्हणाला. "पीक तू वाचवलंस."

गेलो. व्यासपीठावर शाल मिळाली. समोर गावोगावचे शेतकरी. एकाने उठून हात जोडले. "भिया, कौन-सी दवा मारी थी?" मागच्या रांगेत काकाजींना खोकल्याची उबळ आली. मी माइकवर एवढंच बोललो, "सब दादा की कृपा है."

शाल दादापुढे ठेवली. त्याने ती हळूच माझ्याकडे सरकवली. "ठेव तुलाच. मला पेरता येत नाही ती."

त्या वर्षी अर्धं रान पडीकच राहिलं. शाल देवासला माझ्याकडे आहे. थंडीत कधी पांघरली तर अंगाला बेताचीच ऊब येते. कानाच्या पाळ्या मात्र लगेच तापतात!