फळ्यावरचं एकच नाव

कोणी बातमी घेऊन आलं की बाई आधी चष्मा काढून पदरानं पुसायला घेत. "सांग आता. चष्म्याबिगर मले माणूस दिसत नाई." बातमी संपेपर्यंत काच काही स्वच्छ होत नसे.

तुमच्याही गावात वाचनालयाबाहेर बातम्यांचा फळा असेल. भैंसा गावचा आमचा फळा ऐंशीच्या दशकात या निवृत्त शिक्षिका लिहीत. नळाला गढूळ पाणी, रेशनच्या दुकानाला कुलूप. बातम्या गावाच्या, अक्षर बाईंचं. नेरडीगोंड्याच्या एका हौशी माणसाला बातमीखाली आपलं नाव हवं होतं. बाई म्हणाल्या, "नाव पाह्यजे तं लग्नपत्रिका छाप ना!"

मी तेव्हा कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये कामाला होतो. तिथल्या यंत्राच्या उघड्या पट्ट्यात एका मजुरणीचा हात गेला. मालकानं उठवून दिलं की ती घरीच पडली. मी बाईंना खरं काय ते सांगून आलो.

दुसऱ्या दिवशी ते फळ्यावर आलं आणि मालकाचा मुनीम धावत आला. वाचनालयाची जागा मालकाचीच. आम्ही चार-पाच जण वाचत उभे होतो.

"कोनं सांगितलं? नाव द्या, नाई तं किल्ली द्या."

मी पुढच्या माणसाच्या पाठीमागं सरकलो. घरात कमावणारा मी एकटा.

"नाव पाह्यजे? घ्या." बाईंनी खडू उचलला आणि बातमीखाली ठसठशीत अक्षरात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

"तुमी तं जिनिंगची पायरीबी चढल्या नाई!"

"मंग खोटं असंल. चला, सारे मिळून पट्टा पाहून येऊ."

मुनीमानं पट्ट्याचा विषय सोडला. किल्ली मात्र घेऊन गेला. पुढं पट्ट्यावर लोखंडी जाळी बसली आणि माझी नोकरी टिकली. मुनीम समोर होता त्या सगळ्या वेळात बाईंनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. एवढं मोठं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

फळा त्यांच्या घराच्या ओट्यावर गेला आणि शेवटपर्यंत तिथंच चालला.

पंचाण्णवच्या सुमारास बाई गेल्या. मागे कोणी नाही, खांद्याला चार माणसं तरी मिळतील का, अशी मला काळजी. जाऊन बघतो तर गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. शेजारी उभ्या एका म्हाताऱ्याला विचारलं, "तुमी मुधोळहून आले? बाईले कसे वळखत?"

तो जरा अडखळला. "असंच. येनं-जानं होतं."

पलीकडची भाजीवाली डोळे पुसत म्हणाली, "मीबी असंच."

फळा किती जणांनी चालवला होता, ते मला तेव्हा कळलं.

"आन् तुमी?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"असंच," मी म्हणालो.