मागच्या उजव्या चाकाची हवा

माझ्या पिकअपहून जुना रत्नागिरीत एक किल्लाच असेल. फरक इतकाच, की तो जागचा हलत नाही आणि ही हलते. वेळणेश्वराहून येताना एकदा हिचं मागचं चाक बसलं. मला पत्ताच नाही. तसाच रिमवर घरापर्यंत आलो. मागे रस्त्यात अशी खोल सरी पडली की पुढच्या पावसात लोकांनी तिच्यात भात लावून घेतला. ही हकीकत मी पुण्याला लेकीला फोन करून मोठ्या हौसेनं सांगितली. तिथेच चुकलो.

आठवड्याच्या आत कुरिअरने खोकं आलं. आत चार काळी बोंडं. चाकाच्या व्हॉल्व्हला जे झाकण असतं ते काढायचं आणि त्याच्या जागी हे बोंड पिळून बसवायचं. चार बोंडं म्हणजे चार सेन्सर. ते हवा मोजतात आणि काचेजवळ ठेवलेल्या काडेपेटीएवढ्या पाटीवर चार आकडे येतात. हवा कमी झाली की आकडा लाल होतो आणि पाटी बोंबलते.

"बाबा, चाक फिरल्याशिवाय ते जागं होत नाही. तेव्हा रोज सकाळी गाडी फाटकापर्यंत न्यायची, आकडे आले की मला फोटो पाठवायचा. नाहीतर गाडी बंद."

गाडीचे कागद तिच्या नावावर, त्यामुळे हुकूम चालतो. मी रोज फोटो पाठवी, ती रोज अंगठा पाठवी. कामाच्या घाईत आणखी काय पाठवणार? तिची आई गेल्यापासून घरात मी आणि माझं तोंड, दोघेच. तोंड तर अखंड चालू. पण गोष्ट सांगणाऱ्याला समोरून हुंकार लागतो. कलमं मोहोर देतात, फळ देतात, हुंकार काही देत नाहीत. म्हणून मी काही ना काही निमित्त काढून गाडी बाहेर काढतो. कुणाची खतं आणायची असोत, कुणाच्या पेट्या पोचवायच्या असोत. वाटेत माणसं भेटतात, त्यांना थापा मारता येतात. गाडी गेली तर मी फाटकाच्या आतला माणूस झालो.

दसरा आला. आमच्याकडे हत्यारांची पूजा. पूर्वी हे सगळं ही करायची. आता मीच कोयता, कुदळ, आंबे उतरवायचा झेला असं सगळं मांडतो. तांब्यापितळेची भांडी आमसुलाच्या पाण्यानं आणि काथ्यानं घासली. मनात आलं, गाडी आता या बोंडांच्या जिवावर चालते, तर तीही हत्यारंच. काढली चारही, घासली चकचकीत, ताम्हणात ठेवली, फुलं वाहिली, ओल्या कुंकवाच्या अक्षता टाकल्या, आणि पूजा आटोपल्यावर परत चाकांना पिळली. कुठलं बोंड कुठल्या चाकाचं हे त्यांच्यावर छापलेलं होतं. माझ्या घासण्यात ती अक्षरं गेली, हे नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी पाटीनं असा टाहो फोडला की तिकडे केळशीच्या कोळ्यांनी वादळ समजून होड्या ओढून घेतल्या. खोटं वाटत असेल तर त्यांना विचारा. ते नाही म्हणतील, पण कोळी घाबरल्याचं कधी कबूल करतात?

पुढचं डावं चाक लाल. गेलो नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे. त्यानं चाकाला लाथ घातली.

"काका, ह्याच्यावर नारळ फोडा, एवढा टणक हाय."

"पाटी खोटं बोलत नाही."

"मग ती तुमच्या घरातली नसंल."

तरी मी हवा भरायला लावली. लाल आकडा तसाच, आणि आता मागचं उजवं चाक फुगलंय म्हणून पाटी ओरडू लागली. मी त्यातली हवा सोडायला लावली. मग पुढचं डावं आणखी खाली! परत भरली. असे आम्ही त्या आठवड्यात रोज भरत नि सोडत होतो. गाडी पुढून बेडकासारखी उड्या मारे आणि मागून म्हशीसारखी बसे. शेवटी पंक्चरवाल्यानं दोन्ही चाकं खोलून, बोंडं काढून, पाण्याच्या टपात बुडवली. बुडबुडा म्हणून नाही.

"काय वो काका, टायर चांगलं, व्हॉल्व्ह चांगलं. तुमचीच हवा खराब हाय."

फोटोत लाल दिसल्यावर लेकीचा फोन आला. अंगठा नव्हे, फोन. "बाबा, मुरुडचा एक हॉटेलवाला गाडी मागतोय. दिवाळीला मी येते. तोवर हे नीट झालं नाही तर त्याला देऊन टाकू. सह्या करायला मला यावंच लागेल."

"अगो बाय, साध्या हवेसाठी गाडी विकतात?"

"रिमवर घरी येणाऱ्याची विकतात. आता मी सांगते तसं करा. एकेक सेन्सर काढा आणि पाटीवर कुठला आकडा शून्य होतो ते बघा."

फोन कानाला लावून मी गाडीला प्रदक्षिणा घालू लागलो. पुढचं डावं बोंड काढलं, तर पाटीवर मागचं उजवं शून्य! मागचं उजवं काढलं, तर पुढचं डावं शून्य.

"अदलाबदल केलीत तुम्ही!" ती म्हणाली. "कुणी सांगितलं होतं काढायला?" मी पूजेचं सांगणार, तेवढ्यात तिची मीटिंग सुरू झाली.

म्हणजे भरल्या चाकात मी हवा कोंबत होतो आणि उपाशी चाकाच्या तोंडचा घास काढत होतो. बोंडं आपापल्या जागी लावली, हवा सारखी केली. सकाळी बघतो तर मागचं उजवं ठीक, पण आता पुढचं डावं बसलेलं. आता मात्र पाटी खरं बोलत होती. टपात बुडबुडा नाही, मग हवा जाते कुठे? विचार करता करता दाढीचा ब्रश हातात होता, तोच फेसासकट नेऊन बोंडाच्या कडेला फिरवला. फेसात चिंचोक्याएवढा फुगा आला, फुटला, परत आला. टपात बुडवताना आम्ही बोंडच काढत होतो, आणि गळत होतं नेमकं बोंडाखालून!

काढून बघतो तर आतल्या रबराला चिकटलेला तांदळाचा एक लाल दाणा. दसऱ्याची अक्षता. रबर नीट बसू देत नव्हती.

दाणा टाचणीनं काढला, रबर पुसलं, बोंड पिळलं. फेस लावला. फुगा नाही. फाटकापर्यंत जाऊन आलो. चारही आकडे हिरवे.

त्या घटकेला मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्यासारख्याच्या हाती नवी कोरी गोष्ट लागल्यावर तो गप्प बसतो होय? तिथेच सीटवर बसून मी लेकीला लांबलचक निरोप बोलून पाठवला. त्यात दाणा वाटाण्याएवढा झाला होता आणि फुगा फुटल्याच्या आवाजानं शेजारची गाय दावं तोडून पळाली होती.

लगेच फोन आला. ती इतकी हसत होती की शब्द फुटेना. "अक्षता? बाबा, तुम्ही सेन्सरला अक्षता वाहिल्यात?"

"मग? हळदकुंकूही."

"धन्य आहे!" बराच वेळ हसली. कितीतरी दिवसांनी. मग म्हणाली, "बरं झालं हो. मुरुडवाल्याला नाही म्हणून कळवते. गाडी ठेवा तुम्ही. खरं सांगायचं तर सुट्टीचं जमतच नव्हतं, सह्यांसाठी कशीबशी काढली होती. आता ती परत करते. जानेवारीत बघू, काय?"

मी पाटीकडे बघत होतो.

"बाबा? ऐकताय ना?"

"ऐकतोय गो. बरोबरच आहे तुझं. दिवाळीत घाटात गर्दी तरी किती. गेल्या वर्षी एक बस अशी अडकली की आतल्या लोकांनी तिथलीच रेशनकार्डं काढली."

"काहीही!" म्हणाली आणि हसत हसत फोन ठेवला.

तिच्यासाठी वरची खोली झाडून ठेवली होती. चकलीची भाजणी दळून आणली होती. ती डब्यात तशीच राहिली, एकट्यासाठी कोण कढई चढवतो.

दिवाळीच्या पहिल्या दिवशी अभ्यंगस्नान करून गाडी फाटकापर्यंत नेली. आकडे आले. फोटो पाठवला. अंगठा आला, सोबत एक पणती. गाडी मागे घ्यायचं जिवावर आलं. फाटक उघडलं आणि जयगडच्या बाजूला वळलो. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. दारोदार रांगोळ्या होत्या, लोक फराळाला बसले असतील, हात दाखवायला रस्त्यात कुणी नव्हतं. चारही चाकांत हवा अगदी हवी तेवढी होती.