फ्रान्सला न जाता फ्रान्समध्ये सापडलो

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला! पण चहा ओतलाच आहे, तर सांगतो. मधे हसायचं नाही. शेवटी काय हसायचं ते हसा.

मी विलास ढवळे, मूळचा सांगलीचा. कुवेतला शर्कमधल्या एका कंपनीत खरेदी विभागात आहे, राहायला अबू हलीफाला. आमचा मॅनेजर फादी. लेबनानी माणूस, पक्का सायकलवेडा. दर उन्हाळ्यात फ्रान्सला जातो आणि तिथल्या खेड्यापाड्यांतल्या खडीच्या वाटांवर ग्रॅव्हल बाइक हाणतो. ग्रॅव्हल बाइक म्हणजे आपली सायकलच हो! टायर जाड आणि ऐट जास्त. जेवणाच्या सुट्टीत तो आम्हाला फोटो दाखवायचा. द्राक्षांचे मळे, कालव्याकाठची पायवाट, मधेच रस्ता अडवून उभ्या राहिलेल्या गाई. एकदा मी जोशात बोलून गेलो, "सर, मी पण चालवतो!"

कधी चालवली होती? सातवीत. शाळेत जायला.

झालं! थाप निभवायला तसलीच सायकल घेतली. बाहेर पन्नास डिग्री, चालवणार कुठे? मग घरात चालवायचा स्टँड घेतला. मागचं चाक काढून सायकल त्यावर बसवायची, अॅप टीव्हीला जोडायचं, की समोर फ्रान्समधली वाट हजर. टीव्हीत चढ आला की इथे पेडल जड होतं. तिसऱ्या दिवशी माझे गुडघे बोलायला लागले. चौथ्या दिवसापासून सायकलवर टॉवेल वाळायला लागले.

एके दिवशी माझ्या बायकोने, शुभांगीने, ते टॉवेल बाजूला केले आणि सहज बसली. बसली ती उतरेचना! रोज सकाळी आमची पोरगी मनू शाळेत गेली की बाईसाहेब फ्रान्सला. "अहो, आज पवनचक्कीपर्यंत पोचले! काय सुंदर गाव आहे हो!" मी संध्याकाळी सोफ्यावरून म्हणायचो, "वा वा." अकाउंट मात्र माझ्याच नावाचं राहिलं, आणि त्याच अॅपवर फादीही होता. बदलायचा कंटाळा कुणाला? मलाच.

आणि एक दिवस ऑफिसात फादीने सगळ्यांसमोर पाठीवर थाप मारली. "ब्राव्हो, विलास! घरच्या घरी चाळीस किलोमीटर!"

आता तिथे एकच वाक्य बोलायचं होतं. 'सर, ती माझी बायको.' बोललो का? छे! उलट मान तिरकी करून म्हणालो, "हो, जरा चढ होता."

चार महिने मी हे केलं, चार महिने! टायरमध्ये हवा किती असावी यावर लोकांना सल्ले दिले. आणि घरी शुभांगीला बजावलं, "ऑफिसमधल्या कुणीही विचारलं, तरी मीच चालवतो असं सांगायचं. काही झालं तरी!" ती म्हणाली, "मला काय करायचंय? मिरवा तुम्ही."

मग गेल्या महिन्यात तांदळाची वीस किलोची गोण उचलली आणि कमरेत उसण भरली. अशी भरली, की गोण तिथेच आणि मीही तिथेच! डॉक्टरने दोन दिवसांची रजा लिहून दिली. मी पलंगावर गरम पाण्याची पिशवी घेऊन आडवा. शुभांगी बाहेरच्या खोलीत नेहमीप्रमाणे फ्रान्समध्ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला फोन आला. आमच्या एचआरचा बिजू. मूळचा केरळचा, पण आठ वर्षं ठाण्यात काढलेली. मराठी आपल्यासारखंच बोलतो.

"विलासभाई, कुठे आहात?"

"घरी. पडलोय."

"खोटं बोलू नका! मॅनेजर साहेबांनी आजच मला त्या अॅपवर घेतलं. तुमचा नकाशा दिसतोय मला. तुम्ही फ्रान्समध्ये आहात!"

मला हसूच आलं. बिजूला आलं नाही. हल्ली कुवेतबाहेर पडायचं तर कंपनीची परवानगी लागते, आणि ती बिजूच्या हातून जाते. "माझ्याकडून कागद गेलेला नाही, तर तुम्ही विमानात चढलात कसे? माझी नोकरी घालवणार का? तुमचा इकामा रिन्यूअलला माझ्या टेबलावर पडलाय, विसरलात?"

इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, म्हटल्यावर माझं हसू पळालं. तो गेला तर नोकरी गेली, घर गेलं. पोरगी दहावीला! कमरेला पट्टा बांधला, पासपोर्ट घेतला, टॅक्सीत आडवातिडवा बसून शर्क गाठलं. शुभांगी दारातून ओरडत होती, "अहो, या अवस्थेत कुठे निघालात?" सांगायला वेळ कुणाकडे होता?

फादीच्या केबिनमध्ये बिजू उभा, कपाळाला घाम. मी पासपोर्ट उघडून टेबलावर ठेवला. "बघा! शिक्का आहे कुठे?"

फादी खो खो हसला. "बिजू, अरे ते खोटं फ्रान्स! हा घरात बसून चालवतो. नकाशा फ्रान्सचा दिसतो."

बिजूने खुर्चीत अंग टाकलं. मीही हसलो. सुटलो! असं मला वाटलं.

फादी मोबाइल बघत होता. बघता बघता त्याचं हसू मावळलं.

"आज सकाळी. बावन्न किलोमीटर. सगळा चढ." त्याने मान वर केली. "विलास, तू आजारी रजेवर आहेस ना? कंबर धरलीय म्हणून?"

माझ्या पाठीवरून घामाची धार खाली पट्ट्यापर्यंत गेली.

"मी तुला चांगला माणूस समजत होतो," फादी हळू आवाजात म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "खोटी रजा मी खपवून घेत नाही. बिजू, याचा इकामा थांबव."

आता सांगा, काय केलं असतं तुम्ही? अब्रू की इकामा? मी डोळे मिटले आणि बोललो, "सर, मी नव्हतो. माझी बायको होती. आज पण, आणि... पहिल्यापासून. मला सायकल झेपत नाही."

फादीने माझ्याकडे असं बघितलं, की वाटलं जमीन दुभंगली तर बरं. "लाव फोन बायकोला. स्पीकरवर. बोलेल बिजू."

बिजूने मराठीतच विचारलं, "वहिनी, ऑफिसमधून बोलतोय. घरी सायकल कोण चालवतं?"

"हे चालवतात की!" शुभांगी ताडकन म्हणाली.

"अगं शुभा, मी इथेच आहे. खरं काय ते सांग!"

"खरंच सांगतेय ना! हेच चालवतात. मला तर साधी घंटी वाजवता येत नाही."

बिजू फादीला इंग्रजीत सांगतोय, फादी ओठ आवळून ऐकतोय, आणि मी टेबलाला धरून उभा!

"अगं बाई, मी सांगितलं होतं ते सोड आता!"

"सोडते कशी? काही झालं तरी म्हणाला होतात. भाऊजी, काय सांगू, यांचा दम काय आहे म्हणून! डोंगरच्या डोंगर चढतात हो!"

अशी पतिव्रता कुणाला मिळू नये! फादीने पेनाचं टोपण काढलं, बिजूने माझी फाइल पुढे सरकवली. माझा आवाज फाटला. "शुभांगी! तू असंच बोललीस तर आपला इकामा जातोय! मनूची शाळा जातेय! गावाला परत जावं लागेल!"

मग आमच्या सौ.चा खरा आवाज आला.

"काय? भाऊजी, लिहून घ्या! हे सायकल चालवणार? लिफ्ट बंद असली, तर हा माणूस खाली वॉचमनपाशी बसून राहतो! दुसऱ्या मजल्यावर धाप लागते! परवा मोजे घालताना पायात गोळा आला, मी सोडवला! आत्तासुद्धा दोन दिवस नुसते लोळतायत, पाणीसुद्धा मीच नेऊन देते!"

"बास, बास! पटलं त्यांना!" मी ओरडलो.

"थांबा हो तुम्ही! चार महिने गप्प बसले मी!"

ती थांबेना. बिजू एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होता, एकही न गाळता. फादी हसून हसून डोळे पुसत होता. शेवटी त्यानेच फोन जवळ ओढून शुभांगीला शुक्रवारच्या सायकल ग्रुपचं आमंत्रण दिलं. मला विचारलंसुद्धा नाही.

इकामा वाचला. पण बिजू पडला नियमाचा माणूस. फाइलमध्ये नोंद हवीच. तिथेच टाइप केलं, छापलं आणि मला मोठ्याने वाचून दाखवलं. "आजारी रजा खरी. कर्मचारी दोन्ही दिवस लोळत होता. सायकल चालवण्यास तो कायमचा असमर्थ आहे. साक्षीदार, पत्नी."

आणि खाली 'वरील मजकूर मला मान्य आहे' म्हणून सही कुणी केली? मीच केली, आणि वर बिजूला थँक्यूसुद्धा म्हणालो.