काशीच्या गाडीतून माझं नाव खोड

काशीची गाडी आमच्या घरातून निघते. म्हणजे माझा मोठा भाऊ ती काढतो. दरवर्षी डिसेंबरात एक बस. तिची नावं तो आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाच घेतो, आमरसाचं जेवण झालं की पळसदेव गावातल्या माहेरच्या घराच्या ओट्यावर वही घेऊन. यंदा पहिलं नाव त्यानं न विचारताच लिहून टाकलं होतं. माझं.

"रिटायर झालीस, आता पुण्य जोड," म्हणाला.

मी इंदापूरच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बारामतीला एसटीनं उभ्यानं ये-जा करून पदवी घेतली, हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. तर या तीस वर्षांत दरसाल मी फळ्यावर अगदी तळाला एक पांढरा खंड काढला. तिथं उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, हिमनग असे तुटतात, पेंग्विन असे चालतात, सगळं सांगितलं. सगळं ऐकीव. निवृत्त झाले त्या दिवशी ठरवलं, जे शिकवलं ते एकदा डोळ्यांनी बघायचं.

मुंबईच्या एका सहल कंपनीला फोन केले, पासपोर्ट काढला, डॉक्टरांकडून तपासून घेतलं. नवऱ्याला थंडी सोसत नाही. तो म्हणाला, "तू जा, मी घर बघतो." जहाजही डिसेंबरातच होतं. आणि होय की नाही, ते कंपनीला आखितीच्या संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. नाहीतर जागा दुसऱ्याला.

म्हणून ओट्यावरच सांगून टाकलं. "दादा, माझं नाव खोड. मी अंटार्क्टिकाला चाललेय."

"कुठं?"

"दक्षिण ध्रुवाकडं. बर्फात."

"बर्फच बघायचाय तर फ्रीज उघड की!" ओट्यावरची भावकी खो खो हसली. "काय हाय तितं? माणसं हायती का?"

"कायमची कुणी नाहीत."

"देव?"

"नाही."

"मग जायाचं कशाला म्हणतो मी!"

आई उंबऱ्याशी बसून आंब्याच्या कोयी पाटीत भरत होती. ऐंशीच्या घरातली बाई. मला कॉलेजला पाठवायची वेळ आली तेव्हा सगळ्या भावकीला अंगावर घेऊन एकटी "जा" म्हणाली होती. भावाच्या हसण्याचं मला काही नव्हतं. पण आईचा तो शब्द आताही हवा होता. तो मिळाला नसता तर मी जायचं पक्कं केलं असतं का, मला अजून सांगता येत नाही.

"माझा नारळ तरी ने," ती म्हणाली. "तितल्या समिंदरात सोड."

मी म्हटलं, चालत नाही. तिथं काही ठेवायचं नाही, तिथला खडासुद्धा उचलायचा नाही. बुटाची माती, पिशवीला चिकटलेलं कुसळ, सगळं जहाजावर तपासतात.

भावाला आयतंच मिळालं. "बघ आई! नारळ न्हाय, तीर्थ न्हाय, परसाद न्हाय. काशीहून आल्यावर आमी गावाला मावंद्याचं जेवण घालतो. ह्या म्याडम कशाचं मावंदं घालणार? बर्फाच्या गोळ्याचं?"

पुन्हा हसणं. आई हसली नाही. लांब बघत राहिली. मीही तिकडं बघितलं. उजनीचं पाणी उतरलं होतं आणि जुनं देऊळ पार उघडं पडलं होतं. धरण झालं तेव्हा गाव वर आलं, देवही नव्या देवळात आला. खाली नुसते दगड. तरी पाणी उतरलं की गाव गाळ तुडवत तिकडं जातंच. भावाच्या गाळानं भरलेल्या चपला ओट्याखालीच पडल्या होत्या.

"दादा, काल कुठं गेला होतास?"

"देवळाकडं."

"देव आहे तिथं?"

"वर आणलाय की कवाचा."

"नारळ फोडलास?"

"रिकाम्या गाभाऱ्यात कोण नारळ फोडतंय?"

"मग गेलास कशाला?"

उत्तर आईनं दिलं. "बघाय," ती म्हणाली. "मी बी दरसाल जाती. बघाय." मग पाटी बाजूला सारून म्हणाली, "खोड तिचं नाव. जा गं तू. नारळ तितं चालत न्हाय तर हितं फोडू."

"लोकं काय म्हणतील, आई?" भाऊ म्हणाला.

"कालेजाला धाडली तवाबी म्हणलीच हुती."

तो खोडेना. मी वही ओढली आणि स्वतः रेघ मारली. तिथंच बसून कंपनीला फोन लावला. जागा पक्की करा म्हटलं, शेजारच्या ओट्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

मावंदं मी घालणार आहे, पुरणपोळीचं. वाटायला तीर्थ नसेल. बघितलं ते सांगेन, बस्स. भावाला आमंत्रण त्याच दिवशी देऊन टाकलं. येणार नाही म्हणतो. त्याचं पान मी पहिल्या पंगतीत मांडणार आहे.