आमची कंपनी आणि माणची सुजाता

गावी तासगावला गेलो की मित्र विचारतात, "त्या एवढ्या मोठ्या कंपनीत तू करतोस तरी काय रं?" ते मला आजवर नीट सांगता आलेलं नाही, म्हणून मी किस्से सांगतो. तेही आता इतके साठलेत की चहा संपतो, किस्से संपत नाहीत.

*

माझ्या इंटरव्ह्यूला समोर पिकल्या केसांचे एक साहेब. प्रश्न असा टाकला की मला घामच फुटला. सरळ म्हणालो, सर, येत नाही. साहेब खुर्ची पुढं ओढत म्हणाले, "मलाही येत नाही. बघू या का दोघं मिळून?" मग आम्ही फळ्यासमोर तासभर भांडलो. उत्तर काही निघालं नाही आणि मी पास झालो!

*

कंपनीत दोन्ही वेळचं जेवण फुकट. मी आईला रोज व्हिडिओवर ताट दाखवायचो. शेवटी तिनं काळजीनं विचारलं, "कुणाचं कार्य हाय रं? अजून उरकंना व्हय?"

*

मग माझ्या हातून घोळ झाला. एक ओळ बदलली आणि हजारो लोकांचं ॲप बंद पडलं. आता बॅग भरायची, एवढंच डोक्यात. मॅनेजरबाई म्हणाल्या, कसं झालं ते सगळ्यांना सांग, म्हणजे परत कुणाकडून होणार नाही. मी सांगितलं, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे वडील फौजेतून रिटायर झालेले.  हे ऐकून म्हणाले, आमच्यात पाठीवर वजनानं भरलेली पिशवी, पिट्टू, चढवून मैदानभर पळवला असता.

*

आता सुजाता. माण तालुक्यातली, कॉलेजात माझ्या मागच्या वर्गात होती. कंपनीत तिचं नाव मीच सुचवलेलं. शेवटच्या राउंडला ती एकदा नापास झाली. आमच्याकडं नापास झालं की वर्षभर परत बसता येत नाही. पोरीनं वर्ष काढलं आणि पुन्हा शेवटच्या राउंडपर्यंत आली. यावेळी हुकलं तर नाद सोडायचा, असं तिनं ठरवलेलं.

इंटरव्ह्यू घरूनच, व्हिडिओवर. नेमकी त्याच दुपारी क्रिकेटची फायनल! गावाला टॉवर एक आणि अख्खं गाव मोबाईलवर मॅच बघत बसलेलं. तिचा आवाज तुटायला लागला, पलीकडं इंटरव्ह्यू घेणाऱ्या साहेबांचं चित्र अडकलं. दारात बसलेले तिचे वडील, बाळूतात्या, उठले आणि पारावर, घरोघर फिरून आले. थोड्या वेळात चित्र एकदम स्वच्छ.

साहेबांनी विचारलं, काय केलंस? तिनं खिडकीबाहेर बघितलं. पारावर सगळे मोबाईल खिशात घालून बसलेले. ती म्हणाली, "मी काही नाही केलं सर. गावानं मॅच बंद केली." 

आठवड्यानं कंपनीतून फोन आला, तेव्हा सुजाता रानात गेलेली आणि मोबाईल घरी. तो तात्यांनी उचलला. मॅडम म्हणाल्या, अभिनंदन, सुजाताची निवड झाली आहे.

"जरा थांबा ताई," तात्या म्हणाले. पायात चप्पल न घालता तसेच देवळात गेले, तिथला भोंगा चालू केला आणि मोबाईल स्पीकरवर टाकून माईकपुढं धरला.

"हां, आता सांगा. गाव ऐकाय लागलंय."