उल्हासनगरचा माणूस

बायकोला माझं सगळं माहीत असतं. डबा कधी न खाता परत आणला, कामावर कोणाशी वाजलं, बीपीची गोळी खरंच घेतली की नुसतं घेतली म्हणालो — सगळं. हे मात्र सुनीताला माहीत नाही. तिलाच काय, आजवर कोणालाच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि उद्या कात्रपच्या भाजीबाजारात समोर येणार नाही. बघा — सुरुवातच भित्रेपणाने झाली.

मी आनंदनगर एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत प्रॉडक्शनला आहे. साहेब म्हणतात मला. तापट म्हणून नाव आहे, आणि त्या नावाचा मला बरीच वर्षं अभिमान होता. ‘साहेब भडकतात, पण मनाने साफ,’ असं लोक म्हणतात. आता हे वाक्य ऐकलं की डोक्यात सणक जाते. मनाने साफ? आत कोणी डोकावलंय?

माझा मेहुणा नीलेश — सुनीताचा धाकटा भाऊ — उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होता. तिथे शिकला आणि मग नोकरी सोडून घरूनच कॉम्प्युटर जोडून द्यायचं ठरवलं. सासूबाई घाबरल्या. नीलेश म्हणाला, “पहिली मशीन दाजींच्या घरी लागणार. दाजींकडे चालली म्हणजे सगळ्या बिल्डिंगला कळेल.” माझ्या शब्दाला वजन आहे हे त्याला ठाऊक होतं. त्या वजनावरच त्याने सगळं उभं केलं होतं.

मशीन मोठी देखणी झाली. आतल्या वायरी त्याने अशा बांधल्या होत्या की वेणी घातल्यासारख्या. चालू केल्यावर मात्र नेट लागेना. विंडोज नवीन, बोर्ड नवीन, आणि दोघांची ओळखच पटत नव्हती. स्क्रीनवर नेटवर्कच्या नावापुढे पिवळा त्रिकोण. नीलेश हसला. “ड्रायव्हर नाहीये, दाजी. ड्रायव्हर नेटवरून घ्यायचा आणि नेट ड्रायव्हरशिवाय येत नाही. गंमतच आहे.” फोनवर तो ड्रायव्हरचा प्रोग्राम उतरवून त्याने पेन ड्राइव्हने आत टाकला आणि नेट सुरू झालं. माझ्या मुलीने टाळ्या वाजवल्या.

मग पूजा. आपल्याकडे घरात काहीही आलं, मिक्सर असो की मोटारसायकल, पूजा झाल्याशिवाय वापरत नाहीत. सगळ्या वायरी काढल्या, कॅबिनेट पाटावर ठेवलं. त्याची मागची बाजू आमच्याकडे होती, कारण नीलेश तिथून वायरी काढत होता. सुनीताने कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हळद वाहिली. अक्षता मी टाकल्या. वाहिल्या म्हणत नाही — टाकल्या. लग्नात लांबून फेकतात तशा, मूठभर, ओल्या कुंकवात कालवलेल्या. घरचा कर्ता ना मी.

दुसऱ्या दिवसापासून नेट जायला लागलं. यायचं, जायचं, पुन्हा यायचं. नीलेश कामं टाकून यायचा. ड्रायव्हर काढला, जुना घातला, नवीन घातला. टेबलामागे हात घालून केबल बदलली. राउटर बदलून पाहिला. विंडोज पुसून परत टाकलं. पहिल्या दिवशी ड्रायव्हरने दगा दिला होता, म्हणून तो ड्रायव्हरच्याच मागे लागला — मीही त्याच्या जागी तेच केलं असतं. बिल्डिंगमधले येता-जाता विचारायचे, “काय साहेब, मशीन काय म्हणते?” चेष्टाच ती. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग एका संध्याकाळी हेड ऑफिसची मीटिंग होती, घरून. मी बोलायला लागलो आणि नेट गेलं. परत आलं, मी पुन्हा बोलायला लागलो, पुन्हा गेलं. माझ्या हाताखालच्या माणसाने माझा रिपोर्ट वाचला. दुसऱ्या दिवशी नीलेश आला तेव्हा मी दार उघडं ठेवून त्याला झापलं. मुद्दाम उघडं. जिन्यात माणसं थांबली होती. तो टेबलामागे हात घालून चाचपडत होता. म्हणाला, “दाजी, पिन पूर्ण बसत नाहीये वाटतं. टेबल एकदा पुढे घेऊ द्या ना, टॉर्च मारून बघतो.” मी म्हणालो, “हात काढ. शेठकडे झाडू मारायचास तेच बरं होतं.”

झाडू तो कधी मारत नव्हता. मला माहीत होतं.

तो गेला. जिन्यात वरच्या मजल्यावरच्या क्लासवाल्या बाई उभ्या होत्या. कात्रपमध्ये त्यांचा मोठा क्लास आहे. अख्ख्या क्लाससाठी कॉम्प्युटर घ्यायचं त्यांचं नीलेशशी बोलणं चाललं होतं. त्या एका कामावर त्याचं वर्ष निघालं असतं, नाव झालं असतं. त्यांनी सगळं ऐकलं.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, राग आला, बोलून गेला, कोण बोलत नाही? थांबा. मी अजून सांगितलेलं नाही. मी घाणीभोवती फिरतोय, आणि माझाच मला राग येतोय की इतकी वर्षं मनात घोळवूनही नीट ओळीत येत नाहीये.

त्या रविवारी सुनीता मुलीला घेऊन माहेरी गेली — भावाची समजूत घालायला. मी मशीन शेठच्या दुकानात नेऊन ‘हे बघा तुमच्या माणसाचं काम’ असं दाखवायचं ठरवलं. टेबल ओढलं, केबल उपटली. मागच्या सॉकेटमध्ये काहीतरी लाल दिसलं. टॉर्च मारला. सेफ्टी पिनने कोरून काढलं. तांदळाचा दाणा. कुंकवाने माखलेला, वाळून आत चिकटलेला. मी केबल पुन्हा खुपसली आणि ती टक् करून बसली. तो आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता. नेट आलं, आणि आजतागायत एकदाही गेलेलं नाही.

दाणा तळहातावर होता. काय करायला हवं होतं ते मला कळत नव्हतं का? पोरालाही कळेल. एक फोन. ‘नीलेश, माझ्याच अक्षता रे.’ तो हसला असता, शपथेवर सांगतो, पोट धरून हसला असता. मग मी जिन्यात, पुन्हा दार उघडं ठेवून, त्याच आवाजात सांगायचं होतं की चूक माझी होती. एवढंच. हे एवढंच मला जमणार नव्हतं. मी दाणा कचऱ्यात टाकला आणि वरून चहाचा चोथा ओतला. कोण बघणार होतं? तरी चोथा ओतला.

आणि अजूनही हे ते नव्हे.

त्याच आठवड्यात क्लासवाल्या बाई भाजीबाजारात भेटल्या. त्यांनी काम अजून कोणाला दिलेलं नव्हतं. त्यांनीच विचारलं, “आता बरं चालतंय ना तुमचं मशीन? पोरगा मेहनती वाटला हो मला. त्यालाच द्यावं म्हणते.” एवढं ताट वाढून समोर ठेवलेलं. मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. दाण्याचं सांगायचीही गरज नव्हती. आणि मी — राग नव्हता तेव्हा, ऐका, अजिबात राग नव्हता, हातात मेथीची जुडी होती — मी शांतपणे म्हणालो, “चालतंय. पण उल्हासनगरच्या एका माणसाकडून दुरुस्त करून घेतलं. ह्याचं सगळं काढून टाकावं लागलं. तुम्ही पण बघून घ्या.”

असा कोणी माणूसच नव्हता. मी तो उभा केला, मेथी निवडता निवडता. हो म्हणालो असतो तर दार उघडं ठेवून जे ओरडलो ते उगाच ठरलं असतं. माझ्या तोंडचा शब्द खाली पडू नये म्हणून मी एका पोराचा धंदा बुडवला. बाईंनी काम दुसरीकडे दिलं. बिल्डिंगमधल्यांनीही दिलं. घरी सुनीताला मी तेच सांगितलं, उल्हासनगरचा माणूस. ती म्हणाली, “जाऊ दे. त्याला जमत नसेल.” आपल्या सख्ख्या भावाबद्दल माझ्या बायकोने हे म्हटलं. मी म्हणायला लावलं.

पुढचं तर आणखी भारी आहे. नीलेशचं बस्तान बसेना तेव्हा मीच त्याला कंपनीत चिकटवला. कंत्राटी हेल्पर, पोती ओतायला. शिफ्टवरून येतो तेव्हा पापण्यांवर पांढरी भुकटी असते. सासूबाई मला पाहून हात जोडतात. ‘दाजींमुळे लागला मार्गाला.’ जोडलेले हात मी बघतो आणि ‘असू द्या हो’ म्हणतो. असू द्या! थोबाडीत मारावीशी वाटते ना? मलाही वाटते. पण मारत नाही. जेवून ऑफिसला जातो.

गेल्या भाऊबीजेला तो आला होता. सुनीताने त्याला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, वर अक्षता चिकटवल्या. नंतर जेवायला बसलो. मुलगी आतल्या खोलीत त्याच मशीनवर काहीतरी बघत होती. नीलेशने मान वळवून थोडा वेळ तिकडे पाहिलं.

“मस्त चालतीये,” तो म्हणाला. मग कामावर बोलतो तसं, खालच्या आवाजात म्हणाला, “दाजी, एक विचारू? राग नका मानू. त्या उल्हासनगरवाल्याने काय केलं होतं नेमकं? मी लय डोकं लावलं तेव्हा. अजून पण कधी कधी पोती ओतताना तेच चालू असतं डोक्यात. काय राहिलं होतं माझं?”

सुनीता पोळी घेऊन दारात उभी होती. त्याच्या कपाळावर अक्षता होत्या.

मी म्हणालो, “ड्रायव्हर होता काहीतरी.”

त्याने मान हलवली. “हां. म्हणजे मीच चुकलो होतो.” एक दाणा कपाळावरून त्याच्या ताटात पडला, तो त्याने उचलून बाजूला ठेवला.

सुनीताने मला पोळी वाढली. मी ती खाल्ली.