वायरलेसवाली आणि न सापडणारं यंत्र

माझा भाऊ भाडोत्री शिपाई आहे, असं मी एकदा जेवणाच्या सुट्टीत बोलून गेले आणि काउंटरवरच्या पोरींचे घास हातातच राहिले. सीताबर्डीला चष्म्याच्या दुकानात मी कामाला आहे. लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवून बसवून माझे केस पांढरे झाले, पण माझ्या घरच्यांबद्दल तिथं कोणी फारसं विचारत नाही.

"बाप्पा! म्हंजे पैसे घेऊन लढते तो?" एकीने विचारलं.

मग खुलासा करावा लागला. लढत बिढत काही नाही. फौजेतून निवृत्त झाला आणि एका परदेशी कंपनीने त्याला आफ्रिकेतल्या वाळवंटात, कसल्याशा खाणीच्या पहाऱ्यावर ठेवला. बंदूक आहे, शत्रू नाही. कुंपणाशी शेळ्या येतात, त्यांना हाकलतो. पोरी हसल्या आणि आपापल्या मोबाइलमध्ये परत गेल्या. मला पुढचंही सांगायचं होतं. डबा बंद केला आणि हात धुवायला उठले.

पुढचं म्हणजे हे, की दादा भाडोत्री शिपाई झाला तो फौजेत जायच्या कितीतरी आधी. आमच्याच घरात, बाबांच्या मागाच्या खड्ड्यात.

आम्ही कोष्टी. घरात खड्डामाग होता. जमिनीत कंबरभर खड्डा, त्याच्या काठावर बसून बाबा विणायचे, पाय खड्ड्यात सोडलेले आणि पायाखाली दाबायच्या दोन पावड्या. करवतकाठी लुगडी विणायचे ते. दुपारी जेवून बाबा आडवे झाले की माग आमचा. खड्ड्यात उतरलं की वर ताणलेलं सूत म्हणजे छप्पर, आणि पावड्या म्हणजे यान चालवायची यंत्रं. एक दाबली की वर, दुसरी दाबली की खाली. दादा कप्तान. मी लहान, आणि मुलगी, म्हणून वायरलेसवाली. सुताची रिकामी कांडी माझ्या कानाला.

गोष्ट दादाचीच. एका मेलेल्या ग्रहावर माणसांच्याही आधीचे कोणी लोक राहून गेलेत. ते कसे दिसायचे ते कोणालाच माहीत नाही. त्यांचं एक यंत्र तिथं कुठेतरी पडलेलं आहे आणि ते शोधायला आमची भाडोत्री तुकडी निघाली आहे. आम्ही कोणाच्या बाजूचे नव्हतो. जो काम देईल त्याचे. तुकडीत बरेच शिपाई होते आणि सगळे दादाच होता. दर वेळी एखादा दलदलीत बुडायचा, एखाद्याला लाल मुंग्या खायच्या, आणि दुसऱ्या दुपारी तो परत जिवंत.

कप्तान शोधाला जायचा, म्हणजे पलंगाखाली, सुताच्या गठ्ठ्यांमागे, कधी थेट गल्लीच्या टोकाला. मी खड्ड्यात बसून राहायची. तो जिथं असेल तिथून ओरडून खबर द्यायचा आणि मी उत्तर द्यायचं, "ऐकून राहिली!", म्हणजे ऐकते आहे. हा नियम होता. वायरलेसवर उत्तर आलं नाही तर कप्तान मेला असं धरायचं. कितीदा तरी तो गल्लीतल्या पोरांबरोबर गोट्या खेळत बसे आणि मी खड्ड्यात कांडी कानाला लावून. एकदा तशीच झोपले. आईने ओढून बाहेर काढलं तेव्हा मी झोपेतच म्हणाले म्हणे, "ऐकून राहिली." घरात हे बरेच दिवस चाललं. जेवायला हाक मारली तरी बाबा वर म्हणायचे, "ऐकून राहिली का नाही वं?"

यंत्र कधी सापडायचं नाही. सापडू द्यायचंच नाही, हेही दादाचंच. हे त्याने आईकडून उचललं असणार. मागावरचा ताणा, म्हणजे उभं सूत, संपला, लुगडं कापून काढलं, तरी ते सूत ज्यातून ओवलेलं असतं त्या फणीत अडकलेली जुन्या सुताची टोकं आमच्याकडे काढत नाहीत. ती तशीच ठेवायची आणि नव्या ताण्याचा एकेक धागा एकेका टोकाला पिळून जोडायचा. आई बोटांना राख लावून हे करत बसे, सकाळची दुपार व्हायची. टोकं कापली तर सगळी फणी पहिल्यापासून भरावी लागते, पण आई तेवढ्यावर थांबायची नाही. "रिकामी फणी मेल्या माणसाच्या घरी," असं म्हणायची. बाबा गेले त्यानंतर तिने स्वतःच्या हाताने टोकं कापली. माग सरपणात गेला. खड्डा मुरूम टाकून बुजवला आणि वर फरशी घातली. मुरूम पुढे दबला असावा, कारण त्यातली एक फरशी पायाखाली अजून पोकळ वाजते.

त्या घरात आता मी एकटी आहे. लग्न केलं नाही. त्याबद्दल विचारणारे होते तेही एकेक करून गेले.

दादाचं घर कन्हानला. निवृत्त होताना त्याने हौसेने बांधलं, आणि रंगाचा वास जायच्या आधी वहिनी गेली. साधा ताप म्हणत होते. त्यानंतर त्याला त्या घरात झोप लागेना. अंगणात खाट टाकून पडायचा. कोणी तरी एजंट भेटला आणि हा चालता झाला. विमानतळावर मी रडत होते. माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "रडू नको वं वायरलेसवाली. यंत्र सापडलं का येतो घरी."

थट्टाच होती. मी ती पदराला गाठ मारून ठेवली.

तेव्हापासून आमची गोष्ट पुन्हा सुरू झाली, व्हॉइस मेसेजवर. त्याला ड्यूटी संपली की करमत नसे. तो तुकडीची खबर पाठवायचा: काळ्या काचेचं शहर लागलं, तिथल्या भिंती हाताला कोमट लागतात, दोन शिपाई बंड करून पळाले. मी दुकानातून येऊन चहा घेऊन त्या पोकळ फरशीजवळ बसायची आणि पुढचं जोडायची. प्रत्येकाने एक टोक सोडायचं, दुसऱ्याने ते धरायचं. आणि माझ्या प्रत्येक मेसेजच्या शेवटी, "ऐकून राहिली." पन्नाशी उलटलेली बाई संध्याकाळी मोबाइलमध्ये परग्रहावरच्या बंडाबद्दल बोलते, शेजारणीने ऐकलं तर मला वेड्याच्या इस्पितळात नेऊन घालेल. घालो. दिवसभरात मनापासून बोलायची तेवढीच वेळ होती माझी.

रविवारी कन्हानला जायचं. त्याच्या घराच्या खिडक्या उघडायच्या, झाडझूड करायची, वहिनीच्या तुळशीला आणि कण्हेरीला पाणी घालायचं. बाई नसलेल्या घरात बाई असल्यासारखं करून यायचं. मी त्याच्यासाठी नवी गादी आणून टाकली, कूलरला गवताच्या नव्या जाळ्या बसवून घेतल्या. तिथून परतताना बसमध्ये नेहमी वाटे, आता थोडेच दिवस. मग ह्या दोन घरांपैकी एकात तरी दोन माणसं असतील.

त्याचा करार या उन्हाळ्यात संपत होता. मी विचारलं की तो कप्तानाच्या तोंडून उत्तर द्यायचा. पूर्वेला आणखी एक दरी दिसून राहिली. दरीपलीकडे एक बुरूज. बुरुजाखाली पायऱ्या. मला त्या पायऱ्यांचा राग यायला लागला. गोष्ट लांबत होती तसतसा तो लांब जात होता, असं माझ्या डोक्याने घेतलं. यंत्र सापडलं का येतो, असं म्हणाला होता ना? मग सापडू दे एकदाचं.

एका संध्याकाळी चहा न घेताच मी फरशीवर बसले आणि बोलले. पायऱ्या संपल्या. खाली यंत्र होतं. तुकडीने ते पुसून काढलं, चालू केलं. काही झालं नाही. ते कधीचंच बंद पडलेलं होतं. आता शोधायला काही उरलं नाही, मोहीम संपली. "कप्तान, काम झालं. सगळ्याइले घेऊन घरी या. कूलर लावून ठेवला हाय." एवढं बोलून मेसेज पाठवून दिला. पुढे जोडायला टोक म्हणून ठेवलं नाही. आईची आठवण झाली, पण म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते.

उत्तर आलं नाही. त्याने ऐकलं होतं, निळी खूण उमटलेली होती. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. मी चुकीच्या नंबरचा चष्मा एका म्हाताऱ्याला दिला आणि मालकाचं ऐकून घेतलं. रविवारी कन्हानला गेले नाही. जायचं कोणासाठी, असं पहिल्यांदाच वाटलं. घरी बसले तर ते त्याहून वाईट. त्या दिवसांत मला कळलं की आपलं घर किती शांत आहे. फ्रिज घरघरायचा थांबला की दचकायला व्हायचं.

शेवटी त्याचा मेसेज आला. आधी नुसता वारा. मग त्याचा आवाज, जरा बसलेला.

"टोक नाही ठेवलं तू. आई असती तं तिनं हात मोडला असता तुहा." थोडा हसला. मग म्हणाला, "तुही खबर मिळाली वायरलेसवाली. यंत्र बंद हाय, बराबर हाय. कप्तानानं सगळ्या पोराइले यानात बसवलं, रवाना करून देल्लं. पण कप्तान नाही बसला. त्यानं सांगतलं, मी अठीच राहतो. बंद असलं तरी कोणीतरी पहारा द्याले पाह्यजे ना वं." पुन्हा वारा. मग गोष्टीतला नसलेला, नुसत्या दादाचा आवाज. "मी नव्या करारावर सही केली गा. तुह्या मेसेजच्या आधीच केली होती. काय करू तठी येऊन? एटीएमच्या दारात खुर्ची टाकून बसू? आन् त्या घरात मले झोप येत नाही. तू खिडक्या उघडतं, मले मालूम हाय. नको उघडत जाऊ."

मला नेहमीचं 'वं' सोडून 'गा' म्हणाला. 'गा' तो फौजेतल्या दोस्तांना म्हणायचा. मी फोन उलटा करून ठेवला. इतकी चिडले होते की रडूही येईना. म्हटलं, मर तिथंच. बस आपल्या बंद यंत्राशेजारी. नुसता खेळ म्हणून मी लहानपणी खड्ड्यात बसले, आणि हा माणूस आयुष्यभर मला तिथंच बसवून ठेवतो. सगळ्यांत बोचलं ते हे, की मी गोष्ट संपवली म्हणून तो येणार नव्हताच, आणि लांबवली म्हणून अडलाही नव्हता. गोष्टीचा त्याच्या येण्याशी काही संबंध नव्हता. मीच गाठ मारून बसले होते.

मेसेज संपला असं समजून मी ठेवून दिला होता. दुसऱ्या दिवशी दुकानात, गिऱ्हाईक नसताना, पुन्हा ऐकला तर शेवटी थोडं उरलं होतं.

"आन् एक सांगतो. तू सगळं बंद केलं, पण एक राहिलंच तुह्याच्यानं. पुन्हा ऐक आपला मेसेज. तठून धरलं म्या. वायरलेस चालू ठेवजो वं. नाही तं कप्तान मेला समजतीन लोक."

मी माझाच मेसेज काढून कानाला लावला. पायऱ्या, यंत्र, काम झालं, कूलर. मग माझा श्वास, आणि मोबाइल तोंडापासून दूर नेता नेता पुटपुटलेलं, सवयीने, मला आठवतही नव्हतं ते: "ऐकून राहिली."

रविवारी कन्हानला गेले. त्याने नको म्हटलं होतं तरी सगळ्या खिडक्या उघडल्या. पंधरा दिवस पाणी न मिळालेली तुळस वाळली होती, कण्हेर तगली होती. अंगणातल्या त्याच्या खाटेवर बसले. तो येणार नाही, हे तिथं बसल्यावर पक्कं कळलं. या उन्हाळ्यात नाही, आणि बहुतेक पुढच्याही नाही. म्हातारपणी एकमेकांना चहा करून देऊ, असं जे मी मनात मांडून ठेवलं होतं, ते आता मोडून ठेवायला हवं होतं. रागही संपत आला.

मग त्या ग्रहाचा विचार आला. तुकडी निघून गेलेली, काळ्या काचेच्या शहरात एकटा कप्तान, बंद यंत्राला टेकून बसलेला. रेडिओ कानाला लावून. त्याला काही सापडायचं नाही आणि कोणी न्यायलाही यायचं नाही. पण दुसऱ्या टोकाला कोणी आहे की नाही, एवढं त्याला कळायला पाहिजे.

मी मोबाइल तोंडाशी धरला. सांगायला नवी खबर काही नव्हती.

"ऐकून राहिली, दादा," मी म्हटलं. "बोल."